‘माझं एक स्वप्न आहे’ किती वेळा?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३चं भाषण मराठीतून बसवतेय. ‘माझं एक स्वप्न आहे’ इतक्यांदा येतं, की ऐकणारे कंटाळतील. थोडं गाळू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अजिबात गाळू नका, ताई! माझे वडील अशोक चौकाजवळ यंत्रमागावर चादरी विणायचे. धोटा तोच, फेऱ्या त्याच, पण नक्षी त्यातूनच उमटायची. इथेही वाक्याचं तोंड तेच, पुढचं चित्र दर वेळी नवं : कधी जॉर्जियाच्या लाल टेकड्यांवर एका मेजाशी बसलेली गुलामांची आणि मालकांची मुलं, कधी किंग यांची स्वतःची चार लेकरं.

मला मात्र (हे माझं वेड समजा) त्या आधीचा चेक जास्त आवडतो. देशानं काळ्या नागरिकांना दिलेला हक्कांच्या वचनाचा चेक ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ असा शेरा घेऊन परत आला, असं किंग म्हणतात. न वटलेल्या चेकचा संताप चाटी गल्लीतल्या कुठल्या दुकानदाराला समजावून सांगावा लागेल? लेकीला तो भाग ठेवायला सांगाच. आणि पहिली दोन ‘स्वप्नं’ हळू आवाजात. तिसऱ्यापासून चढू दे.