टायर बर्फासाठी नको, गगनबावड्याच्या पावसासाठी घ्या

प्रश्न : मी कसबा बावड्यात राहते आणि गगनबावड्याजवळच्या एका शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन ११० किलोमीटर होतात. गाडी छोटी, पेट्रोलची. आताचे टायर सव्वा वर्षात, ३२ हजार किलोमीटरलाच संपले. मधली नक्षी बरी दिसते, पण पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडा गुळगुळीत झाल्यात. जर्मनीतला भाचा म्हणतो, ‘मावशी, ऑल सीझन घे, वर्षभर बघायला नको.’ इथल्या दुकानदारानेही ‘ऑल सीझन’ म्हणून टायरमागे हजार रुपये जास्त सांगितले. टिकाऊ आणि बाराही महिने चालतील असे टायर कसे निवडावेत?
– एक शिक्षिका, कसबा बावडा

उत्तर : बाई, भाच्याचं त्याच्या गावापुरतं अगदी बरोबर आहे. जर्मनीत उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे. साधारण ७ अंशांच्या खाली पारा गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. म्हणून तिकडं वर्षातून दोनदा टायर बदलतात. ते ज्यांना नको असतं, ते ऑल सीझन घेतात. तिकडच्या अशा टायरवर तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चिन्ह असतं, म्हणजे बर्फावरची चाचणी पास.

आता आपल्याकडं बघा. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे कुडकुडलो तरी पारा ७ पर्यंत उतरत नाही. म्हणजे आपल्या बाजारातला साधा टायरसुद्धा बाराही महिने चालतो. ‘ऑल सीझन’ या दोन शब्दांसाठी हजार रुपये जास्त देऊ नका. तेच हजार ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी लागत असतील तर मात्र खुशाल द्या. तुमच्या रस्त्याला दोनच ऋतू महत्त्वाचे, पाऊस आणि ऊन. त्यात पाऊस आधी. गगनबावडा म्हणजे राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, आणि तुम्ही तिथं रोज जाता.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वडिलांचं रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं दुकान होतं, नंतर मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांची दिशा आणि कोन जुळवायचं मशीन टाकलं, त्याला ३१ वर्षं झाली. २००९ च्या जुलैत आईला घेऊन रत्नागिरीला निघालो होतो. माझ्या गाडीला तेव्हा बाजारातले सगळ्यात टिकाऊ म्हणून नावाजलेले टायर होते. ५८ हजार किलोमीटर पळूनही साडेतीन मिलिमीटर नक्षी शिल्लक. दुकानात येईल त्याला मी तेच घ्यायला सांगत होतो. आंबा घाटात पावसाची भुरभुर होती, वळणावर समोर एसटी थांबलेली. ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं, पण गाडी वळलीच नाही, सरळ गेली. डोंगराकडच्या गटारीत चाक अडकलं म्हणून थांबलो. आईच्या कपाळाला खोक पडली. संध्याकाळी दुकानात येऊन त्या टायरच्या नक्षीत अंगठ्याचं नख रुतवून बघितलं. रुततच नव्हतं. नक्षी होती, पण रबर लाकडासारखं झालं होतं. त्या दिवसापासून ‘किती किलोमीटर चालेल’ हा प्रश्न मी दुसरा विचारतो.

कडक रबर सावकाश झिजतं, मऊ रबर रस्ता धरून ठेवतं. ही ओढाताण जुनीच आहे. १९९२ मध्ये मिशेलिनने नक्षीच्या रबरात काळ्या कार्बनऐवजी बराचसा सिलिका, म्हणजे वाळूपासून बनवलेली पांढरी पूड, घातला, तेव्हापासून ती थोडी सैल झाली. सिलिकाचं रबर ओल्यात धरतं आणि तरी पेट्रोल जास्त खात नाही. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, की यात सिलिका कंपाउंड आहे का. मग टायरच्या अंगावर वाचा. बऱ्याच टायरवर ‘ट्रेडवेअर’, ‘ट्रॅक्शन’ आणि ‘टेम्परेचर’ असे तीन शब्द असतात. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावर मिळणारी पकड. तिथं ‘ए’ किंवा ‘एए’ हवं. ‘बी’ असेल तर तुमच्या रस्त्यासाठी मी देणार नाही. टेम्परेचरला ‘ए’ बघा, मे महिन्यातल्या हायवेसाठी. ट्रेडवेअरचा आकडा मोठा म्हणजे झीज कमी, पण ही परीक्षा कंपनीच घेते आणि गुणही तीच देते. त्यामुळं एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० सारखे समजू नका.

टायरवर इंग्रजी ‘ई’ च्या गोलाजवळ एक लांब नंबर असतो. त्याच्या शेवटी ‘एस’, ‘डब्ल्यू’, ‘आर’ अशी अक्षरं दिसली तर त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे ओल्या पकडीची चाचणी झालेली आहे. आपल्या सरकारनेही २०२२ च्या अधिसूचनेनं ओली पकड, आवाज आणि घरंगळताना होणारा विरोध यांच्या मर्यादा घालून दिल्यात. दुकानात स्टार लेबल दाखवतील. ते तारे मुख्यतः इंधनबचतीचे आहेत, पावसातल्या पकडीचे तारे म्हणून ते मोजू नका.

नक्षी कशी घ्यावी? चाकाभोवती गोल फिरणाऱ्या तीन-चार रुंद, खोल खाचा हव्यात. पाणी त्यांतूनच बाहेर पडतं. पाणी निघायला जागा नसली की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, आणि मग ब्रेक, स्टिअरिंग सगळं नावापुरतं. तुमच्याच शाळेतली दोन-चार पोरं घरच्या गाडीला जीपसारखी मोठ्या बटणांची नक्षी लावा म्हणतील. शेतातल्या चिखलाला ती चांगली, तुमच्या डांबरी घाटाला नाही.

आता टिकाऊपणाचा हिशेब मांडू. समजा चार टायरचे २० हजार झाले. ४५ हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला ४४ पैसे पडतात, ६० हजार चालले तर ३३ पैसे. फरक ११ पैसे. तुमच्या ११० किलोमीटरला रोजचे १२ रुपये. वाटेतल्या कळे गावच्या स्टँडवर एक चहा. त्या एका चहासाठी ओल्या घाटात ब्रेक लांबवू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि खरं सांगू का, तुमचे टायर रबर वाईट होतं म्हणून संपलेलेच नाहीत. पुढच्या दोन्ही टायरच्या दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शाबूत राहिला, म्हणजे हवा कमी होती. हवा जास्त असती तर मध्य गेला असता. एकच कड गेली असती तर अलाइनमेंट. जुना टायर सगळं सांगतो, फक्त तो भंगारात देण्याआधी बघायला हवा. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला वाटतं तुम्हालाही कुणीतरी ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, टायर फुटत नाही’ असं सांगितलेलं असणार. दुकानात रोज दोघं-तिघं हे ऐकून आलेले असतात. खरं नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, दुमडते, तापते आणि तिथंच फुटते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर ३३ लिहिलं असेल तर ३३, मे असो वा डिसेंबर. सकाळी गाडी गार असताना मोजा, कारण शाळेतून परत आल्यावर तापलेल्या टायरमध्ये आकडा तीन-चारने जास्तच दिसणार. पंधरवड्यातून एकदा. स्टेपनीचीही.

रोटेशन, म्हणजे टायरची पुढची-मागची अदलाबदल, आणि अलाइनमेंट दर ८ हजार किलोमीटरना. तुमच्या हिशेबाने चार महिन्यांनी एकदा येतं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीत आणि फेब्रुवारीत. फेब्रुवारीचं चुकवू नका. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल, उसाची कांडकी, खिळे आणि उखडलेल्या कडा यांनी अलाइनमेंट हमखास जातं.

साइज मूळचीच ठेवा. १८५/६५ आर १५ असेल तर तीच, आणि पुढचा ८८ एच वगैरे आकडा-अक्षर त्याहून कमी नको. त्यातला ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालतो. रुंद टायरने गाडी देखणी दिसते, पण पाण्यावर लवकर तरंगते.

पैशांची अडचण असेल तर आत्ता दोनच घ्या, पण नवे मागे बसवा. दुकानदार पुढे बसवायला निघेल. इंजिन पुढे, ओढ पुढची, त्यामुळं त्याचं म्हणणं पटतंही. पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं चांगल्या ड्रायव्हरलाही जमत नाही.

कधी काढायचे? कायद्याने १.६ मिलिमीटरला. खाचेतल्या रबरी उंचवट्याशी नक्षी समान झाली की संपलं. तुम्ही मात्र ३ ला काढा, आणि तेही जूनच्या आधी. मोजायला गेज नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडं, म्हणजे लेथवाल्याकडं, व्हर्निअर हे बारीक मापं घेण्याचं हत्यार मिळेल. त्याच्या शेपटीकडून निघणारी पट्टी खाचेत उतरवायची, आकडा वाचायचा.

आणि बालिंग्याच्या पुढं रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं तर कुठल्याही टायरच्या भरवशावर गाडी घालू नका. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की हेडमास्तरांना फोन करा आणि घरी थांबा.

प्रश्न : एका दुकानात नामांकित कंपनीचे टायर निम्म्या किमतीत मिळताहेत. नवे कोरे आहेत, पण ‘स्टॉक जुना’ म्हणतात. घ्यावेत का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आधी तारीख बघा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला हे आकडे नसले तर दुसऱ्या बाजूला असतात, वाकून बघा. वर्षभर जुना, सावलीत ठेवलेला टायर मी बिनधास्त घेईन. दोन-तीन वर्षांचा असेल तर निम्म्या किमतीत विचार करेन, पण नक्षीच्या बुडाशी बारीक भेगा आहेत का हे उन्हात नेऊन बघितल्यावरच. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेला असेल तर फुकटही नको. पाच वर्षं झाली की नक्षी कितीही असो, दरवर्षी माहितगाराला दाखवा, आणि दहा वर्षांनी काढून टाका. गाडीत पडून असलेल्या स्टेपनीलाही हेच लागू. आज डिकी उघडून तिचे चार आकडे वाचा.