शेजारच्या टाकीवर चढून पाहा : पाणी आणि स्वच्छतेवरचे वाचकांचे प्रश्न

ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा एकमेकांकडून शिकायला एकत्र येतात, पण नळाला फरक पडत नाही, अशी तक्रार या वेळच्या बऱ्याच पत्रांत आहे. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सात ग्रामपंचायती मिळून दर वर्षी एखाद्या गाजलेल्या योजनेचा अभ्यासदौरा करतात. मागच्या वर्षी मलकापूरला गेलो. सगळे भारावून परत येतात आणि महिन्याभरात जैसे थे. चुकतं कुठे? (सरपंच, सांगली जिल्हा)

चूक बसमध्ये कोण बसतं इथूनच सुरू होते. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक जातात. व्हॉल्व्ह फिरवणारा, मोटार चालू करणारा आणि पाणीपट्टी गोळा करणारा मात्र गावातच राहतो, कारण त्या दिवशीही पाणी सोडायचं असतं. ज्याच्या हातून बदल व्हायचा, त्याने काही पाहिलेलंच नसतं. दौरा दोन खेपांत करा. पहिल्या खेपेला चार गावांचे कर्मचारी जातील, उरलेल्या तीन गावांतले त्यांचं पाणी सोडतील. त्यासाठी आदल्या दिवशी शेजाऱ्याला आपले सगळे व्हॉल्व्ह दाखवावे लागतात. कोणता व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कोणता मातीखाली गेलाय, हे त्या फेरीतच उघडं पडतं.

कराडजवळच्या मलकापुरातून लोक ‘चोवीस तास पाणी’ एवढंच घेऊन येतात आणि आपल्याकडे इतकं पाणी कुठलं, म्हणून विषय सोडून देतात. ती योजना नुसत्या मुबलक पाण्यावर चाललेली नाही. जोडणीला मीटर आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर, यांमुळे नळ उघडा ठेवणं माणसाला महाग पडतं. यजमानांकडे सादरीकरणाऐवजी दुरुस्तीची वही, वर्षभराची वीजबिलं आणि थकबाकीची यादी मागा. बिघाड काय होतो, किती तासांत निघतो आणि पैसे कोण देत नाही, हे त्यातून दिसतं. परतल्यावर संपूर्ण गावाला हात घालू नका. एका वस्तीत एकच बदल करा आणि दोन महिन्यांनी यजमान गावाच्या फिटरला तो पाहायला बोलवा. पाहुणा येणार म्हटलं की काम पूर्ण होतं.

प्रश्न : आम्ही चार नगरपरिषदांचे अभियंते दर तीन महिन्यांनी भेटतो. गळती मांडली की एका शहराची १८ टक्के निघते, दुसऱ्याची ४६. कोणी कोणाकडून शिकायचं? (कनिष्ठ अभियंता, मराठवाडा)

एक पूर्ण बैठक गळतीबद्दल बोलूच नका. ‘तुम्ही आकडा काढता कसा’ एवढंच प्रत्येकाला विचारा. १८ टक्केवाल्या शहरात बहुतेक वेळा घरगुती मीटर नसतात. माणशी १३५ लिटर धरून ‘ग्राहकांना दिलेलं पाणी’ कागदावर लिहिलेलं असतं. म्हणजे गृहीतकच उत्तर बनतं. ४६ टक्केवाला कदाचित जास्त प्रामाणिक असेल. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवांचे मापदंड दिले. त्यात महसूल न मिळणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं, असं आहे. पण प्रत्येक आकड्याशेजारी तो किती भरवशाचा, याची ‘अ’ ते ‘ड’ श्रेणी लिहायची, असंही त्यातच आहे. आकडा सगळे उचलतात, श्रेणी गाळतात. तुमच्या तक्त्यात ती पहिल्या रकान्यात घ्या.

दुसरा घोळ पंपाचा. पाटीवरची क्षमता गुणिले चालू तास, असा हिशोब सर्रास होतो. पंपातला पंखा झिजलेला असतो, व्होल्टेज कमी असतं, पंपाकडून टाकीत पाणी नेणारी उद्धरण नलिका गळत असते. म्हणून टाकीवर चढून मोजा. टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पंप बंद ठेवा आणि तासभर पातळी पाहा. ती उतरली तर व्हॉल्व्ह किंवा टाकी गळते आहे. आधी ते दुरुस्त करा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप फुकट. मग पंप चालू करून पातळी किती चढते ते पाहा. पातळी वजन बांधलेल्या टेपने झाकणातून घ्या. टाकीबाहेरून पातळी दाखवणाऱ्या दर्शकाचा तरंगणारा गोळा अडकतो आणि खोटं सांगतो.

आतला व्यास १० मीटर असेल तर पातळीचा १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ७८५ लिटर. तासात ६० सेंटिमीटर चढलं तर टाकीत ४७,१०० लिटर आले. पाटीवर ६०,००० लिटर असतील आणि पंपाच्या दर तासामागे ३५,००० लिटरचं बिल होत असेल, तर कागदावरची तूट ४२ टक्के दिसते. टाकीपासून पुढची तूट मात्र २६ टक्क्यांच्या आसपासच आहे. उरलेला फरक टाकीच्या अलीकडे, पंपात किंवा उद्धरण नलिकेत शोधायचा. पाइपवर बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर चौघांत मिळून एक घ्या किंवा भाड्याने आणा. तो पंपाजवळ लावला की दोष कुठला, ते कळतं. एका नगरपरिषदेला तो वर्षातून मोजकेच दिवस लागतो, त्यामुळे चौघांच्या भागीदारीला याहून योग्य वस्तू नाही.

तिसरं, टक्केवारीवर शहरांची तुलना करू नका. एका जोडणीमागे, पाणी चालू असलेल्या एका तासात किती लिटर गेलं, ते काढा. रोज २ तास पाणी देणारं आणि १२ तास देणारं शहर, दोन्ही जोडणीमागे दिवसाला १५० लिटर घालवत असतील, तर पहिल्याचा तासाचा हिशोब ७५ लिटर आणि दुसऱ्याचा साडेबारा. पाइप कोणाचे जास्त फुटके, ते यात लख्ख दिसतं. पहिल्याने पुरवठ्याचे तास नुसते वाढवले तर गळतीही वाढेल.

हे जुळलं की मग प्रत्येकाने ३०० ते ५०० जोडण्यांचा एक विभाग वेगळा काढावा. येणारी लाइन बंद केल्यावर विभागातले सखल भागातले नळ कोरडे पडले पाहिजेत. पाणी येतच राहिलं तर दुसरी लाइन जोडलेली आहे. ती बहुधा नवी टाकताना ‘बंद केलेली’ जुनी लाइन असते. रात्री कोणी पाणी वापरत नसताना लाइनमधून जो किमान प्रवाह जातो, तो गळतीचा धरतात. खंडित पुरवठ्यात तो नेहमीसारखा मोजता येत नाही. त्यासाठी एका रात्री घरोघरच्या टाक्या भरल्यावर पुरवठा २ ते ४ चालू ठेवायचा. प्रवाह ज्या पातळीला येऊन थांबतो, तो मुख्यतः गळतीचा. अट एकच, टाक्यांना तरंगत्या गोळ्याचे व्हॉल्व्ह हवेत, नाहीतर गच्चीवरून वाहणारं पाणीही गळतीत मोजलं जाईल.

प्रश्न : बैठकीत कोणी चूक कबूल करत नाही. सगळ्यांचं सगळं छान चाललेलं असतं. काय करावं? (मुख्याधिकारी)

पहिल्या दीड तासात वरिष्ठांनी खोलीत बसू नये, तुम्हीसुद्धा. ‘अडचणी काय?’ असं विचारलं की निधी आणि मनुष्यबळ हीच उत्तरं येतात. ‘शेवटची मोठी फूट कळल्यापासून पाणी बंद करायला किती मिनिटं लागली?’ असं विचारा. इतिवृत्तात गावाचं नाव न घालता दोष आणि उपाय लिहा.

प्रश्न : आमच्या तीन नगरपंचायतींना सेप्टिक टाक्या ठरावीक मुदतीने उपसायच्या आहेत. एकत्र करणं परवडेल का? (नगरसेविका, पश्चिम महाराष्ट्र)

वाई आणि सिन्नर इथे तीन वर्षांच्या फेऱ्याने घरोघर टाक्या उपसायची पद्धत सुरू झाली. दोन्हीकडे जाऊन या, पण आधी स्वतःचं गणित मांडा. तिघींच्या मिळून ६,००० टाक्या असतील तर वर्षाला २,००० होतात. वर्षात कामाचे २५० दिवस धरले तर दिवसाला ८. टाकीमागे सरासरी ३ घनमीटर मैलागाळ धरला तर रोज २४ घनमीटर. तेवढा घेणारा प्रक्रिया प्रकल्प आधी हवा. प्रकल्पाशिवाय गाड्या घेतल्या तर मैला नाल्यात जातो. एक सक्शन गाडी दिवसाला चारपाच खेपा करते, म्हणजे दोन गाड्या लागतील.

पहिला फेरा सगळ्यात अवघड. टाकीवर फरशी बसवलेली असते, झाकण सापडत नाही, पंधरा वर्षं न उपसलेला गाळ तळाशी घट्ट झालेला असतो आणि गल्लीत गाडी जात नाही. म्हणून पाहणी करताना झाकण आणि रस्त्यापासूनचं अंतर लिहून ठेवा आणि त्यावरून होजची लांबी ठरवा. घट्ट गाळावर पाणी मारून तो ढवळायचा, माणूस आत उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे आणि आतला विषारी वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. या एका बाबतीत तिन्ही नगरपंचायतींनी ठेकेदाराला कोणतीही सवलत देऊ नये.

पैसे खेपांवर देणार असाल तर पावतीच्या तीन प्रती करा. एक घरमालकाकडे, एक चालकाकडे, एक प्रकल्पावर. महिन्याच्या शेवटी तिन्ही जुळवा. प्रकल्पावरच्या कमी भरल्या तर मैला वाटेत कुठेतरी ओतला जातो आहे.

प्रश्न : बारा गावांचे जलसुरक्षक, म्हणजे गावाचं पाणी शुद्ध करणारे कर्मचारी, महिन्यातून एकदा जमतात. हजेरी, चहा आणि परिपत्रकाचं वाचन होतं. याहून काय करता येईल? (आरोग्य सेवक, नाशिक जिल्हा)

बादलीचा प्रयोग करा. एका बादलीत क्लोरीन घातलेलं पाणी झाकून सावलीत ठेवा, कारण उन्हात क्लोरीन उडून जातं. प्रत्येकाने आपापल्या किटने तपासून आकडा चिठ्ठीवर लिहायचा, बोलायचं नाही. मग चिठ्ठ्या उघडा. एकाच पाण्याला कोणी ०.२ आणि कोणी १ लिहिलं असेल, तर द्रावण जुनं आहे किंवा रंगपट्टी उन्हाने उडाली आहे. ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाच्या तपासणीत पिवळा रंग लगेच पाहायचा. पाच मिनिटांनी गडद होणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी पिवळं दिसतं. तिथे गुलाबी रंग देणारी डीपीडी तपासणी वापरा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना किट वापरायला शिकवायचं होतं. त्यांनाही या बैठकीला बोलवा.

दुसऱ्या महिन्यात टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पोती पाहा. १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हा हिशोब पावडर ताजी असेल तरच चालतो. त्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते घटतं आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर कामाची नाही. टाकी दिवसातून दोनदा भरते आणि मात्रा एकदाच पडते, हीदेखील नेहमीची चूक. पावडर थोड्या पाण्यात कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकी भरत असतानाच सोडा. भरल्यावर झाकणातून पावडरचा गोळा टाकला तर तो तळाशी बसतो. अर्ध्या तासाने पाणी सोडा आणि तपासणी शेवटच्या घराच्या नळावर करा. तिथे किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मिळायला हवं. पाण्याची पाहणी करून गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड द्यायचं हे ठरवणाऱ्या सर्वेक्षणाआधी ही फेरी झाली तर जास्त उपयोगी. पोतं फोडल्याची तारीख त्याच्यावर मार्करने लिहायला सांगा आणि पुढच्या बैठकीला पोत्याचा फोटो घेऊन यायला सांगा.