टोमॅटोचं बूड काळं का पडतं?

प्रश्न : गच्चीवर दहा इंची कुंड्यांत टोमॅटो लावलेत. फळ लिंबाएवढं झालं की बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो. अंड्यांची टरफलं घातली, फरक नाही. मार्च लागल्यापासून फुलंही गळताहेत.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : हा रोग नव्हे, बुरशीनाशक फवारू नका. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून तिथला गर मरतो. आपल्या काळ्या मातीत चुना सहसा भरपूर असतो. अडतं ते पाण्यापाशी. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं आणि उन्हात पानं ते पाणी आधी ओढून घेतात. त्यात दहा इंची कुंडी दुपारपर्यंत कोरडी ठक्क होते, संध्याकाळी तिचा चिखल होतो. टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे या हंगामात त्यांचा उपयोग नाही.

फळावर आलेलं झाड आता उपटून दुसरीकडे लावू नका. कुंडीला पोतं गुंडाळा, मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा तणस पसरा. सकाळी पाणी द्याच. संध्याकाळी बोट दोन इंच खुपसून पाहा, कोरडं लागलं तर पुन्हा द्या. युरिया बंद करा, त्याने पाला माजतो आणि फळ उपाशी राहतं. डागी फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत.

फुलगळ उन्हामुळे आहे. दिवसा 35 अंशांवर आणि रात्री 24-25 च्या वर तापमान राहिलं की पराग निकामी होऊ लागतात. 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, सकाळी फुलांचे घोस हलकेच झटका. एप्रिलच्या मध्यानंतर मात्र नव्या फळांची आशा धरू नका. पुढच्या वेळी सप्टेंबरात बी टाकून पंचवीस-तीस दिवसांची रोपं पंधरा इंची कुंडीत लावा. तुराट्यांचा आधार लागणीच्या दिवशीच रोवा, नंतर मुळं दुखावतात.

प्रश्न : उशिराची फळं लाल न होता पिवळट-नारिंगीच राहतात. कधी तोडावीत?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : 30 अंशांवर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, मग फळ झाडावर ठेवून फक्त भाजतं. बुडाशी गुलाबी झाक दिसली की तोडा. देठावर फळाच्या थोडं वर एक गाठ असते. तिथे अंगठा टेकवून वाकवलं की फळ देठासकट सुटतं, फांदी पिचकत नाही. घरात सावलीत, एकावर एक न रचता ठेवा. चार-सहा दिवसांत लाल होतील. कच्ची फळं फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे पिकणं थांबतं आणि चवही जाते.