सहा कोंबड्या आणि आठवड्याला सात अंडी?

ताई, एवढ्यात हिरमुसू नका. गावरान कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, तीही टप्प्याटप्प्याने. बारा-पंधरा घातली की बसलीच खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. आणि तुमच्या तलंगांचा (तरुण कोंबड्यांचा) तुरा अजून फिका, बारीक असेल तर त्या अंड्यावर आलेल्याच नाहीत. सहा महिन्यांच्या तरी होऊ द्या.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- नुसती कणी आणि मका टाकू नका. बरेच नवे लोक इथेच चुकतात. कोंबडी गुबगुबीत होते, अंडं मात्र नाही. अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य आणा, 16 ते 18 टक्के प्रथिनांचं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा ती स्वतः टिपते.
- पाणी सावलीत, दिवसभर.
- अंडी रोज उचला. साठली की कोंबडी खुडूक होते. पिल्लं नको असतील तर तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा, खाणं-पाणी देऊन. खाली गार वारा लागला की खुडूकपणा उतरतो. पाण्यात बुचकळायचा जुना उपाय मला पटत नाही.

आणि हो, अंडी खरंच कमी आहेत का तेही बघा! आमची एक महिनाभर 'बंद' होती. सरपणाच्या ढिगामागे अकरा अंडी निघाली. तेव्हापासून अंडी आतच घालावीत म्हणून खुराड्यातून सकाळी नऊनंतरच सोडतो.

टॉनिक, उजेड वाढवायचे दिवे यांचं नंतर बघू. आधी पंधरा दिवस खाद्य बदलून बघा.