न्यूट्रलमध्ये करंट नसतो, मग घराच्या वायरिंगमध्ये ती फेजपेक्षा बारीक घेतली तर काय बिघडते?

आपण धरून चाललेली गोष्टच चुकीची आहे. सिंगल फेजमध्ये जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, त्यामुळे दोन्ही वायर एकाच जाडीच्या लागतात. न्यूट्रलला टेस्टर लावला तर तो पेटत नाही म्हणून हा गैरसमज पसरतो. पण टेस्टर जमिनीच्या तुलनेतले व्होल्टेज दाखवतो, करंट नव्हे. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली असते, म्हणून तिच्यावर व्होल्टेज जवळजवळ शून्य राहते आणि करंट मात्र पूर्ण वाहतो.

आमच्याकडे याच समजुतीने नुकसान केले. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरले आणि मीटरबोर्ड बुडाला. नव्याने वायरिंग करताना तिन्ही मजल्यांना तीन वेगळ्या फेज दिल्या आणि न्यूट्रल एकच, तीही बारीक ठेवली. मी हरकत घेतली. पण वायरमनने आपल्यासारखेच उत्तर दिले आणि पैसे वाचतात म्हणून दादाने त्याचीच बाजू घेतली. बारीक वायर लिंकच्या, म्हणजे न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीच्या, स्क्रूखाली नीट आवळली जात नाही. अशा सैल जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी ९ अँपिअरला त्या एका स्क्रूवर सुमारे ४० वॅट उष्णता निर्माण होते. चार महिन्यांत तो जोड जळून तुटला.

ती सकाळ मला स्पष्ट आठवते. तळमजल्यावरचे दुकान बंद होते, त्याचा मेनही बंद होता. दादाने वरून हाक मारली की गिझर तापत नाही, आणि त्याच क्षणी आमच्या मजल्यावरचे दिवे कधी नव्हे इतके प्रखर झाले. न्यूट्रल तुटल्यावर दादाचा गिझर आणि आमचे दिवे दोन फेजांमध्ये, म्हणजे ४०० व्होल्टवर, एकामागे एक जोडले गेले होते. २००० वॅटच्या गिझरचा रोध सुमारे २६ ओहम आणि १०० वॅटच्या दिव्यांचा सुमारे ५२९ ओहम धरला, तर गिझरच्या वाट्याला जेमतेम १९ व्होल्ट येतात आणि दिव्यांच्या वाट्याला ३८१. ज्याचा भार कमी, तोच जळतो. आमचा टीव्ही आणि फ्रिज गेले, दादाच्या मजल्यावर काहीच बिघडले नाही.

दादा आजही पाहुण्यांना सांगतो की लाईनवरूनच जास्त व्होल्टेज आले. तसे असते तर त्याचा गिझर थंड राहिला नसता आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्यांचेही नुकसान झाले असते. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप बंद होणारा स्विच, पडला नाही हा त्याचा दुसरा मुद्दा. पण एमसीबी जास्त करंटला पडतो, जास्त व्होल्टेजला नव्हे, आणि त्या वेळी एक अँपिअरही वाहत नव्हता. एका फेजवरचे दिवे मंद आणि दुसऱ्या फेजवरचे प्रखर, हे एकाच वेळी दिसले तर दोष न्यूट्रलमध्येच शोधावा, मग ती घरात तुटलेली असो वा बाहेर.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधला करंट शून्याजवळ येतो, आणि थ्री फेज मोटरला तर न्यूट्रल लागतच नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत काम केलेल्या वायरमनने बहुधा हेच घराला लावले. पण घरात तिन्ही मजल्यांचा भार कधीच सारखा नसतो, शिवाय एलईडी आणि संगणकांमुळे निर्माण होणारे तिसरे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारितेच्या तिप्पट वारंवारितेचे, करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणून न्यूट्रल फेजइतकीच जाड घ्यावी आणि तिच्या एकटीवर फ्यूज किंवा सिंगल पोल (एकच वायर तोडणारा) स्विच बसवू नये. असे दिवे दिसलेच तर आधी मेन बंद करावा, कारण तुटलेल्या न्यूट्रलच्या घराकडच्या टोकावर उपकरणांतून फेजचे व्होल्टेज आलेले असते आणि तिला हात लागला तर शॉक बसतो. दादा त्या सकाळी पेचकस घेऊन थेट ती लिंक आवळायला निघाला होता.