मित्र बाईक अपघातात गेला, दोन महिने झाले तरी सावरता येत नाही. काय करू?

दोन महिने म्हणजे काहीच नाही हो. माझा दोस्त पावसाळ्यात इथे गोव्यात फोंड्याहून मडगावला जाताना बोरी पुलाच्या अलीकडे असाच अपघातात गेला. त्या संध्याकाळी मी त्याला थांबवलं असतं तर, हा विचार चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास) बांधताना अजून येतोच. मला आधार झाला तो त्याच्या आईकडे जाऊन बसण्याचा. चहा, त्याचे जुने किस्से, बस. लोक विषय टाळतात, तिला मात्र त्याचं नाव ऐकायचं असतं.

झोप-जेवण उडालं असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर आजच १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. फुकट आहे, २४ तास. बांबोळीला सरकारी मानसोपचार इस्पितळही आहे. बाईकला हात लावावासा वाटत नसेल तर नका लावू, कदंबा बस आहे की.