नकाशात गाडी शेजारच्या रस्त्यावर दिसते तेव्हा

ॲप काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. आधी फोनच्या सेटिंगमध्ये ॲपला अचूक लोकेशनची परवानगी दिली आहे का ते पाहा. नुसती अंदाजे असेल तर बाकीची खटपट वाया जाते. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा.

मग फोनची जागा. स्थान ठरायला किमान ४ उपग्रह लागतात, म्हणून फोन सीटजवळच्या खोबणीत नको, पुढच्या काचेजवळ स्टँडवर हवा. काचेला धातूचा अंश असलेली फिल्म असेल, तर तिथेही सिग्नल अडतो. निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ मोठं दिसतंय? मोकळ्या आभाळाखाली जरा थांबून मगच निघा.

उड्डाणपुलापाशी मात्र सेटिंग बरोबर असूनही गफलत होते, कारण वरचा आणि खालचा रस्ता नकाशात एकावर एक येतात. तिथे कृपा करून पाटीवरच विश्वास ठेवा.